बालपणीचे आघात आणि प्रौढ आयुष्य

लहानपणी सोसलेला छळ, हेळसांड किंवा घरातली रोजची दहशत माणसाच्या प्रौढ वयापर्यंत पोचते ती शरीरातून, सवयींतून आणि नात्यांतून. या वाटा आज बऱ्याच अंशी माहीत झाल्या आहेत, पण वैद्यकशास्त्राला त्या दिसायला फार उशीर लागला. सिग्मंड फ्रॉइडने १८९६ साली व्हिएन्नातल्या डॉक्टरांपुढे निबंध वाचून हिस्टेरियाच्या रुग्णांच्या त्रासाचे मूळ लहानपणीच्या लैंगिक अत्याचारात असल्याचे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी त्याचा स्वतःचा या मतावरचा विश्वास उडाला आणि रुग्णांच्या हकिकतींकडे तो मनाचे खेळ म्हणून पाहू लागला. या माघारीची किंमत पुढच्या कित्येक पिढ्यांनी मोजली. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथले बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांकडून एका वर्षातल्या ३०२ मारहाण झालेल्या मुलांची मिळवलेली माहिती प्रसिद्ध केली. क्ष-किरण चित्रांत एकाच मुलाचे एक हाड नुकते मोडलेले, दुसरे सांधत आलेले, तिसरे केव्हाच जुळून गेलेले दिसे. पाळण्यातून पडला, जिन्यावरून घसरला, हे आईबापांचे खुलासे त्या चित्रांपुढे टिकत नव्हते. मुलाला बोलता येत नसले तरी त्याच्या शरीराची साक्ष घेता येते, ही गोष्ट तिथपासून रुजली.

आघात म्हटला की डोळ्यांपुढे एखादा भीषण प्रसंग येतो. परंतु प्रौढपणावर सर्वांत खोल ठसा ठेवणारी परिस्थिती पुष्कळदा एका प्रसंगाची नसते. दारू पिऊन येणाऱ्या बापाच्या चपलांचा आवाज रोज रात्री ओळखावा लागणे, आईला मार खाताना पाहणे, जवळच्या नातेवाइकाचा नकोसा स्पर्श वर्षानुवर्षे चालू असणे, किंवा आजारी पडल्यावर कपाळावर हात ठेवणारे कोणीच नसणे ही त्याची नेहमीची रूपे. शेवटचे रूप सर्वांत कमी ओळखले जाते, कारण उपेक्षेचा वळ उठत नाही आणि न घडलेल्या गोष्टीची तक्रार करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद परिसरातली हजारो माणसे गेली. कित्येक मुलांनी त्या एका पहाटे घर आणि आईबाप गमावले. ते दुःख अपार होते, तरी ते साऱ्या गावाचे होते. त्याबद्दल बोलायला कोणाला लाज वाटली नाही आणि खरे-खोटे कोणी विचारले नाही. घरातल्याच माणसाने केलेल्या अत्याचाराला ही सोय नसते. ज्याच्याकडे धाव घ्यायची त्याचीच भीती वाटते आणि घराच्या अब्रूसाठी तोंड मिटून घ्यावे लागते. आघाताची तीव्रता मोजताना काय घडले याच्या जोडीला ते कोणाला सांगता आले, हेही पाहावे लागते.

या विषयाला मोठी कलाटणी मिळाली ती मुलांच्या दवाखान्यात नव्हे, लठ्ठपणाच्या. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात कायझर परमनंटे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी १९८० च्या दशकात वजन घटवण्याचा एक कार्यक्रम चालवत होते. उपाय गुणकारी होता, माणसे भराभर सडपातळ होत होती, आणि नेमकी ज्यांचे वजन उत्तम उतरत होते तीच माणसे कार्यक्रम सोडून जात होती. एका तरुण स्त्रीचे वजन साधारण वर्षभरात १८५ किलोंवरून ६० किलोंपर्यंत आले आणि नंतर अवघ्या तीन आठवड्यांत सोळा-सतरा किलोंनी वाढले. रात्री झोपेत उठून ती खात होती. मधल्या काळात काय घडले याची चौकशी केल्यावर कळले की कामावरच्या एका वयाने मोठ्या, विवाहित सहकाऱ्याने तिच्या सुधारलेल्या रूपाची तारीफ करून तिच्याकडे शरीरसंबंधाची मागणी केली होती. आणखी विचारल्यावर आजोबांनी लहानपणी केलेल्या अत्याचाराची कहाणी बाहेर आली. फेलिटींनी मग जवळपास तीनशे रुग्णांशी सविस्तर बोलून पाहिले. लहानपणचे अत्याचार त्यांच्यात अनपेक्षित संख्येने निघाले. त्यातून त्यांच्या हाती आलेला निष्कर्ष पुढच्या सर्व संशोधनाच्या मुळाशी आहे: डॉक्टर ज्याला रोग समजत होते, तो अनेक रुग्णांच्या दृष्टीने बचाव होता. जाड शरीराकडे कोणी वाईट नजरेने पाहत नाही, या आधारावर ते शरीर सांभाळले गेले होते.

फेलिटींनी ही निरीक्षणे १९९० साली लठ्ठपणाविषयीच्या एका परिषदेत मांडली तेव्हा त्यांना टीकाच ऐकावी लागली. मात्र तिथे झालेल्या ओळखीतून अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राचे डॉ. रॉबर्ट अँडा त्यांच्याबरोबर आले, आणि सतरा हजारांहून अधिक प्रौढांचे सर्वेक्षण उभे राहिले. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या ९,५०८ जणांवरचा निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शारीरिक, मानसिक आणि लैंगिक छळ, आईला होणारी मारहाण, घरात व्यसनी माणूस असणे, मनोरुग्ण किंवा आत्महत्येचा प्रयत्न केलेले माणूस असणे, कोणी तुरुंगात जाणे, असे सात प्रकार त्यात विचारले होते. पुढे ते दहा झाले. निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक प्रकार अनुभवला होता. ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक प्रकार आले होते त्यांच्यात दारूचे व्यसन, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही प्रकार न अनुभवलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट होता. हृदयविकार, कर्करोग, फुफ्फुसांचे जुनाट आजार, यकृताचे विकारही त्याच चढत्या क्रमाने वाढत होते. ही माणसे झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय, कॉलेजात शिकलेली, आरोग्यविमा असलेली होती. दुःख गरिबांच्या घरी राहते, ही समजूत या आकड्यांनी कायमची मोडली.

आकड्यांचा जितका उपयोग झाला तितकाच दुरुपयोगही झाला. दहा प्रश्नांची उत्तरे द्यायची, गुण मोजायचे आणि स्वतःच्या आयुष्याचा निकाल लावायचा, असा प्रकार सर्रास सुरू झाला. स्वतः अँडा यांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांसह लेख लिहून याविरुद्ध सावध केले. हे गुण लोकसमूहातला धोका सांगतात, एका माणसाचे भवितव्य नाही. एकदा झालेला अपमान आणि दहा वर्षे चाललेला अत्याचार यांना त्यात सारखाच एक गुण मिळतो. घराबाहेर मुलाला काय भोगावे लागते, हे तर त्या मूळ यादीत नव्हतेच.

लहानपणचा त्रास हृदयविकारापर्यंत पोचतो कसा, याचे उत्तर काही अंशी सिगारेट, दारू आणि अतिखाण्यात आहे. दुखऱ्या मनाला घटकाभर आराम देणाऱ्या या गोष्टी शरीराला झिजवतात. उरलेले उत्तर ताणाच्या यंत्रणेत आहे. धोका दिसला की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपासून पिच्युटरी ग्रंथीमार्गे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल उतरते. साखर वाढते, रक्तदाब चढतो, शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होते, आणि धोका टळला की हीच यंत्रणा स्वतःला आवर घालते. लहान मूल हे आवरणे एकट्याने करू शकत नाही. त्याला उचलून घेणारे, थोपटणारे मोठे माणूस लागते. ते माणूस नसेल, किंवा तेच धोक्याचे कारण असेल, तर घडणीच्या वयातली यंत्रणा सततच्या धोक्यालाच नेहमीची स्थिती मानून बसते. काहींची ती पुढे जराशा कारणाने पेटते, काहींची उलट थंड पडून गरजेलाही जागत नाही. भीतीची दखल घेणारा अमिग्डाला, आठवणींची जुळवणी करणारा हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा, सारासार विचार करणारा भाग यांच्या घडणीतही सरासरीने फरक आढळतात. कॅनडातल्या मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की ज्या उंदरिणी पिलांना जास्त चाटतात, त्यांची पिले मोठेपणी ताणातून लवकर सावरतात, आणि हा फरक जनुकांवरच्या रासायनिक खुणांत सापडतो. आत्महत्या केलेल्या व्यक्तींच्या मेंदूंवर तशाच प्रकारचे काम २००९ मध्ये झाले. लहानपणी छळ झालेल्यांच्या मेंदूत तशी खूण आढळली. पण प्रत्येक गटात फक्त बारा मेंदू होते, आणि एवढ्यावरून आघात जनुकांत कोरला जातो असे जाहीर करणे शास्त्राला धरून नाही.

सर्वेक्षणांत एक अडचण कायम राहते. ज्या घरात छळ असतो तिथे गरिबी, आजार, आनुवंशिक दोष असेही काही असू शकते. मग परिणाम नक्की कशाचा? यावर सर्वांत भक्कम उत्तर रुमानियातून आले. निकोलाय चाउसेस्कू याच्या राजवटीने १९६६ मध्ये लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर जवळपास बंदी घातली. नको असताना जन्मलेली मुले सरकारी अनाथालयांत आली, आणि १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा त्या इमारतींत एक लाखाहून अधिक मुले होती. खायला मिळत होते, पण एका बाईकडे इतकी मुले असत की रडणाऱ्याजवळ कोणी येत नसे. काही दिवसांनी मूल रडणे सोडून देई. त्या शांत खोल्या पाहून आलेल्यांना ती शांतता विसरता आली नाही. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमध्ये ६ ते ३१ महिने वयाच्या १३६ मुलांची निवड करून चिठ्ठ्या टाकाव्या तशी निम्म्यांची नावे काढली आणि त्यांच्यासाठी संगोपन करणारी कुटुंबे तयार केली. उरलेली नेहमीच्या सरकारी व्यवस्थेतच राहिली. ज्यांना कुटुंब मिळाले त्यांची बुद्धी, भाषा, जिव्हाळा जोडण्याची शक्ती सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना बऱ्याच बाबतीत जास्त लाभ झाला. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ रुमानियन मुलांचा मायकेल रटर यांच्या गटाने विशी ओलांडेपर्यंत माग ठेवला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुले इतर ब्रिटिश मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्या अनेकांच्या अडचणी, प्रेमळ घरात वीस वर्षे काढूनही, टिकून होत्या. याच दुसऱ्या गटातल्या सुमारे एक पंचमांश मुलांत मात्र कोणत्याही तपासणीत दोष आढळला नाही. याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही.

प्रौढ माणसात हे सारे दिसते कसे? बहुधा आजार म्हणून दिसतच नाही, स्वभाव म्हणून दिसते. हा फार तापट, ती आतल्या गाठीची, त्याला कशाचेच सुखदुःख नाही, तिला कोणाचा विश्वासच वाटत नाही: नातेवाईक असे शेरे मारतात आणि तिथेच थांबतात. प्रत्यक्षात ही त्या जुन्या घरात उपयोगी पडलेली कौशल्ये असतात. बापाच्या चेहऱ्यावरची रेघ हलताच ओळखणारे मूल मोठे होऊन साहेबाच्या साध्या गप्प बसण्यातही संकट वाचते. दुखत असताना मन दुसरीकडे नेऊन ठेवायला शिकलेल्या मुलीला संसारात जवळिकीच्या क्षणी काहीच जाणवत नाही आणि त्याचा दोष ती स्वतःला देते. मागितले तर मार मिळतो हे शिकलेला माणूस आजार हाताबाहेर जाईपर्यंत डॉक्टरकडे जात नाही. कौतुक झाले की अस्वस्थ होणे, मोठ्या आवाजाने दचकणे, झोप न लागणे, कारण न सापडणारी पोटदुखी आणि डोकेदुखी, आणि या सर्वांखाली आपल्यातच काही वाईट आहे ही लाज, असे ते चित्र असते. मुलाला आईबाप वाईट आहेत असे मानणे परवडत नाही, कारण त्याला त्यांच्याच आधारावर जगायचे असते; स्वतःला वाईट मानले की निदान चांगले वागून सुटका होईल ही आशा राहते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात अशा दीर्घकालीन छळाच्या परिणामांना वेगळे निदान हवे, असा आग्रह धरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ते निदान स्वीकारले.

मारलेले मूल मोठेपणी मारतेच, हे वाक्य इतके पसरले आहे की ज्यांनी लहानपणी सोसले त्यांच्यावर तो नवा अन्याय झाला आहे. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९६७ ते १९७१ या काळात न्यायालयात नोंद झालेली छळाची आणि हेळसांडीची ९०८ मुले आणि त्याच वयाची, तशाच वस्तीतली, अशी नोंद नसलेली ६६७ मुले यांची तुलना केली. हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ११ टक्के आणि दुसऱ्यात ८ टक्के निघाले. फरक खरा आहे. पण पहिल्या गटातले दहापैकी जवळजवळ नऊ जण त्या वाटेला गेले नाहीत. जे जातात ते का जातात, याविषयी बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ मध्ये केलेले निरीक्षण आजही मोलाचे आहे. ज्या आईला मार खाल्ल्याचे आठवते, पण त्या वेळी वाटलेले दुःख आठवत नाही, तिला आपल्या बाळाचे रडणे ऐकू येत नाही. ते दुःख पुन्हा जाणवू लागले की ती बाळाला उचलून घेते.

विडम यांच्याच अभ्यासातल्या मुलांवर पुढे झालेल्या कामातून स्मृतीचा अवघड प्रश्न समोर आला. त्यांच्यापैकी जवळपास बाराशे जणांना तिशीच्या उंबरठ्यावर लहानपणाविषयी विचारले गेले. नोंदीत छळ असूनही काहींनी तो सांगितला नाही, नोंद नसलेल्या काहींनी सांगितला. अँड्रिया डॅनेसे आणि विडम यांनी २०२० मध्ये दाखवले की मानसिक आजार प्रामुख्याने ज्यांना छळ आठवतो आणि जाणवतो त्यांच्यात जास्त होता. न्यायालयात नोंद असूनही ज्यांच्या स्मरणात तो नव्हता त्यांच्यात धोका फारसा वाढलेला दिसला नाही. यातून न आठवणेच बरे, असा अर्थ काढणे घाईचे होईल. घटनेला माणसाने दिलेला अर्थ हा आजाराचा भाग आहे, आणि अर्थ बदलता येत असल्यामुळे उपचारालाही जागा आहे, हा त्यातला महत्त्वाचा धागा.

भारतात केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण आणि ५३ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. अत्याचार सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते, आणि बहुतेकांनी तोवर कोणाजवळ अवाक्षर काढलेले नव्हते. या आकड्यांनी मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याला मोठे बळ दिले.

इथल्या बालपणाचा विचार घराच्या भिंतींशी थांबवता येत नाही. साधारण १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर मुले महार आहेत हे कळताच कोणी गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर प्रवास झाला, आणि जवळ भरपूर जेवण असून पाणी न मिळाल्याने मुले उपाशी राहिली. तीसहून अधिक वर्षांनी, परदेशांतल्या पदव्या मिळवून झाल्यावर लिहिलेल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग आपल्या मनावर कायमचा कोरला गेल्याचे नमूद केले. घरात प्रेम होते, शिस्त होती, वडिलांना मुलांच्या शिक्षणाची आस होती. अपमान रस्त्यावर, शाळेत, पाणवठ्यावर होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या नंतरच्या प्रश्नावलीत वस्तीतली आणि सामूहिक हिंसा आली आहे. जातीचा अपमान मोजणारे प्रश्न आपल्याला स्वतःच तयार करावे लागतील, आणि दलित आत्मकथने ही त्यासाठी तयार असलेली पहिली साधनसामग्री आहे.

सावरणाऱ्यांचा एक दीर्घ अभ्यास हवाई बेटांपैकी काउआइवर एमी वर्नर यांनी केला. १९५५ मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश गरिबी, भांडणे, आईबापांचे आजार अशा अनेक धोक्यांत वाढत होती. त्यातलाही एक तृतीयांश भाग कर्तबगार, आत्मविश्वास असलेली, प्रेमळ माणसे म्हणून वाढला. त्यांच्या आयुष्यात लहानपणी निदान एक भरवशाचे माणूस होते: आजी, मावशी, शेजारीण, एखादे गुरुजी. किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. शिक्षण पुन्हा सुरू करता येणे, समजूतदार जोडीदार मिळणे यांनी तिथे काम केले. चिवटपणा हा जन्मजात गुण मानून न सावरलेल्यांना कमकुवत ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

उपचारांत आघातकेंद्रित वर्तन-विचार पद्धती आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी फ्रान्सिन शपिरो यांची पद्धती, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. दोन्हींत जुनी आठवण सुरक्षित जागी, प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने, पेलवेल इतकीच पुन्हा समोर आणली जाते. दीर्घ छळ सोसलेल्यांना आधी झोप, सुरक्षितता आणि भावना आवरण्याचा सराव लागतो. सारे एका बैठकीत ओकून टाकायला लावणे अपायकारक ठरू शकते. औषधे नैराश्य आणि निद्रानाश हलका करतात. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईतूनच सुरू झाली. मोठ्यांसाठी २०२२ पासून केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

प्रतिबंधाचा पाया मात्र बाळाच्या जन्माच्या आसपास घातला जातो. अमेरिकेत एल्मायरा या गावी डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७८ पासून पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवल्या. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा त्या कुटुंबांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या घटना बऱ्याच कमी होत्या. महाराष्ट्रात ही व्यवस्था अर्धी उभी आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते, दूध पाजण्याविषयी विचारते. तू झोपतेस का, घरात कोणी हात उचलतो का, बाळ रडते तेव्हा तुला काय होते, हे तीन प्रश्न त्या भेटीत आले आणि उत्तरानंतर पाठवायला तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक असला, तर ज्या घरात पुढची दहा-पंधरा वर्षे काय घडेल याची काळजी करायला हवी, ते घर सहाव्या आठवड्यातच ओळखता येईल.